वाचकांचे प्रश्न : घरासाठी बिनपंख्याचा २.५ गिगाबिट स्विच

प्रश्न : लग्नसमारंभांच्या व्हिडिओंचे एडिटिंग मी घरीच करतो. सगळे चित्रीकरण दोन हार्ड डिस्कच्या नॅसवर, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या साठवणपेटीवर, साठवतो. दोन्ही डिस्कवर एकच माहिती जशीच्या तशी राहते. नॅसला आणि कॉम्प्युटरला सेकंदाला २.५ गिगाबिट वेगाचे पोर्ट आहेत, पण मधला स्विच (नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणारी पेटी) एक गिगाबिटचा आहे. एका कार्यालयातून निघालेला २४ पोर्टांचा स्विच मित्र अगदी स्वस्तात देतो आहे. त्याला १० गिगाबिटचे चार पोर्ट आहेत. माझी कामाची आणि झोपण्याची खोली एकच असल्याने आवाज चालणार नाही. हा स्विच घ्यावा का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : घेऊ नये. पाच पोर्टांचा, पंखा नसलेला, साधा २.५ गिगाबिटचा नवा स्विच आपल्या कामाला पुरेसा आहे. मित्राच्या स्विचवर आपल्याला आजच्यापेक्षा जास्त वेग मिळण्याची शक्यताही फारशी नाही, आणि आवाजाच्या आधी हेच समजून घ्यायला हवे.

कार्यालयातून निघणाऱ्या अशा स्विचवरचे २४ पोर्ट बहुधा एक गिगाबिटचे असतात आणि १० गिगाबिटचे चार पोर्ट एसएफपी प्लस प्रकारचे, म्हणजे ज्यात नेहमीची केबल थेट बसत नाही असे असतात. २.५ आणि ५ गिगाबिटचे मानक २०१६ साली आले. तांब्याच्या केबलवरचे १० गिगाबिटचे मानक मात्र २००६ पासूनचे आहे. त्यामुळे जुन्या पिढीतल्या पुष्कळ यंत्रांना १ आणि १० हे दोनच वेग कळतात, मधला २.५ कळत नाही. आपला कॉम्प्युटर त्या २४ पैकी कोणत्याही पोर्टला जोडला, तर दोघांना समजणारा वेग एक गिगाबिटच उरतो. १० गिगाबिटच्या पोर्टात बसवून नेहमीची केबल घेणारी मोड्यूल मिळतात आणि त्यांतली काही २.५ वरही चालतात. पण ती बरीच तापतात, आणि अशी दोन मोड्यूल घेतली की स्वस्तात मिळालेल्या स्विचचा स्वस्तपणा संपतो.

आता आवाज. कार्यालयी स्विच जेमतेम पावणेदोन इंच उंचीच्या चपट्या खोक्यात बसवलेला असतो, म्हणून त्यात बहुधा ४० मिलिमीटरचे चिमुकले पंखे लागतात आणि पुरेशी हवा ढकलण्यासाठी त्यांना फार वेगाने फिरावे लागते. त्यातून निघणारा तीक्ष्ण, सलग आवाज बंद दारातूनही ऐकू येतो. पंखे बदलून शांत पंखे बसवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, मात्र शांत पंखा कमी हवा देतो आणि आतल्या चिपला लागणारी हवा काही कमी होत नाही. खरी शांतता कमी वीज खाणाऱ्या यंत्रातच मिळते, कारण जितके वॅट आत जातात तितकी उष्णता बाहेर काढावी लागते. विजेचा खर्चही याच हिशेबात येतो : स्विच सतत ४० वॅट घेत असेल, तर वर्षाला सुमारे ३५० युनिट जळतात, ८ वॅटच्या लहान स्विचला सुमारे ७० युनिट पुरतात. आपल्या बिलातल्या सर्वांत वरच्या स्लॅबच्या दराने या फरकाला गुणून पाहावे.

आपल्याला १० गिगाबिटची गरज आहे का, हे नॅसमधल्या डिस्क ठरवतात. एक गिगाबिटच्या जोडणीवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० ते ११५ मेगाबाइट (आठ बिट म्हणजे एक बाइट) जातात, २.५ गिगाबिटवर सुमारे २८०. चांगली हार्ड डिस्क मोठी फाइल सलग वाचताना साधारण १५० ते २५० मेगाबाइटच्या आसपास असते, आणि दोन्ही डिस्कवर तेच लिहायचे असल्याने लिहिण्याचा वेग एका डिस्कइतकाच राहतो. म्हणजे २.५ गिगाबिटची वाट आपल्या डिस्कच्या मापाची आहे. १०० गिगाबाइटचे चित्रीकरण आज नॅसवर चढायला पंधरा मिनिटे लागत असतील, तर ते आठ-नऊ मिनिटांत होईल. इंटरनेट यामुळे वेगवान होणार नाही. एक गिगाबिट किंवा त्याहून कमी वेगाच्या घरगुती प्लॅनला आपला जुना स्विचही पुरत होता. पुढेमागे नॅसमध्ये एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्क, बसवल्या तरच १० गिगाबिटचा विचार करावा, आणि तेव्हाही एसएफपी प्लसचे एक-दोन पोर्ट असलेला लहान स्विच व दोन्ही टोकांना मोड्यूल जोडूनच आलेली तांब्याची डॅक केबल घ्यावी. ती मोड्यूलपेक्षा स्वस्त पडते आणि तापत नाही.

खरेदीसाठी टीपी-लिंकचा टीएल-एसजी१०५-एम२, डी-लिंकचा डीएमएस-१०५ आणि क्यूनॅपचा क्यूएसडब्ल्यू-११०५-५टी हे तिन्ही पाच पोर्टांचे, २.५ गिगाबिटचे आणि बिनपंख्याचे आहेत. वेगात यांच्यात निवडण्यासारखे काही नाही, तेव्हा नागपुरात ज्याची वॉरंटी सहज मिळेल आणि ज्याची किंमत कमी असेल तो घ्यावा. यांना कसलेही सेटिंग लागत नाही. अनोळखी नावाचे, याहून स्वस्त स्विचही बाजारात आहेत आणि त्यांतल्या अनेकांत रिअलटेकची चांगली चिप असते; मात्र ज्यांना सेटिंगसाठी वेबपान दिलेले असते, पण ज्यांचे सॉफ्टवेअर कधी अद्ययावत होत नाही, असे स्विच टाळावेत. अडॅप्टरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक आहे ना, हेही पाहावे. केबलमधूनच वीज देणारा पीओई प्रकार कॅमेरे नसतील तर घेऊ नये : त्यात पंखा असण्याची शक्यता वाढते आणि किंमतही.

नागपूरकरांनी एक गोष्ट जास्त सांभाळायला हवी. घरगुती स्विच बहुधा ४० अंशांपर्यंतच्या भोवतालच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि मे महिन्यात माळ्यावरची किंवा बंद कपाटातली हवा त्याच्या बरीच पुढे जाते. बिनपंख्याच्या स्विचची धातूची पेटी हीच त्याची उष्णता बाहेर टाकण्याची सोय असल्याने ती हाताला गरम लागणे स्वाभाविक आहे. तिच्यावर राउटर ठेवणे मात्र चुकीचे. भिंतीवर, मोकळ्या हवेत, कूलरच्या ओलसर झोतापासून दूर बसवावा.

प्रश्न : आमच्या फ्लॅटच्या भिंतींत कॅट-५ई प्रकारची नेटवर्क केबल आहे. २.५ गिगाबिटसाठी ती बदलावी लागेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. आधीच टाकलेल्या केबल कामी याव्यात यासाठीच हे मानक आखले गेले आणि कॅट-५ईवर १०० मीटरपर्यंत २.५ गिगाबिटची त्यात सोय आहे. आठही तारा दोन्ही टोकांना नीट दाबलेल्या आहेत का, एवढे तपासावे. चारच जोडल्या असतील तर वेग १०० मेगाबिटवर येतो. नवी केबल टाकण्याची वेळ आलीच, तर शुद्ध तांब्याची मागावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त असते, पण ती लवकर तुटते.

प्रश्न : नॅसला एक गिगाबिटचे दोन पोर्ट आहेत. दोन्ही जोडून दोन गिगाबिट मिळतील का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एका कॉम्प्युटरवर एक फाइल उतरवताना मिळणार नाहीत, कारण अशा जोडणीत एक देवाणघेवाण एकाच केबलवरून जाते. दोन कॉम्प्युटर एकाच वेळी नॅस वापरत असतील तर उपयोग होऊ शकतो, आणि त्यासाठी बहुधा ती सोय असलेला मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा, स्विच लागतो. एकट्याने काम करत असाल आणि नॅस बनवणाऱ्या कंपनीने तसा पाठिंबा दिला असेल, तर यूएसबी ३ च्या पोर्टात बसणारा २.५ गिगाबिटचा अडॅप्टर घेणे बरे. यूएसबी २ च्या पोर्टात तो लावू नये. त्या पोर्टाची कमाल मर्यादाच ४८० मेगाबिट आहे.