क्षयरोगाच्या गोळ्या चालू असताना सीटी स्कॅन

प्रश्न : माझे वय ३२ असून मला फुप्फुसांचा क्षयरोग झाला आहे. सरकारी केंद्रातून मिळणाऱ्या गोळ्यांचा तिसरा महिना चालू आहे. छातीचे दोन एक्स-रे झाले आणि आता डॉक्टरांनी कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसावे म्हणून शिरेतून देण्याचे औषध) देऊन सीटी स्कॅन करायला सांगितले आहे. गोळ्याही उष्ण आणि किरणेही उष्ण, तेव्हा स्कॅनच्या आगेमागे चार दिवस गोळ्या बंद ठेवाव्यात, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. लघवीचा रंगही लालसर झाल्यामुळे मला भीती वाटते. काय करावे?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : गोळ्या एक दिवसही बंद करू नका. क्ष-किरण शरीरातून क्षणार्धात आरपार जातात, मागे काही उरत नाही आणि रक्तातल्या औषधाशी त्यांचा संयोग होऊन विष तयार होते असेही नाही. उलट, मध्येच गोळ्या सोडल्यास उरलेल्या जंतूंना फावते आणि पुढे तीच औषधे निकामी ठरण्याची भीती असते; हा धोका स्कॅनच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. 'उन्हात जाऊ नका' अशी सूचना डॉक्सिसायक्लिनसारख्या काही अँटिबायोटिकसोबत दिली जाते, त्यावरूनही असा समज होत असावा. पण ती सूचना उन्हातल्या अतिनील किरणांपुरती असते, एक्स-रेला ती लागू नाही.

लघवी नारिंगी किंवा लालसर होते ती क्षयरोगाच्या गोळ्यांतल्या रिफॅम्पिसिन या औषधामुळे, आणि ते निरुपद्रवी आहे. मात्र डोळे पिवळे दिसू लागले, अन्नावरची वासना उडाली किंवा सतत उलट्या होऊ लागल्या, तर यकृतावर परिणाम झाल्याची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कॉन्ट्रास्टचे औषध शिरेतून जाताना अंगभर गरम वाटते आणि तोंडाला धातूसारखी चव येते. ही ऊब त्या औषधाची असते, किरणांची नव्हे, आणि ती एक-दोन मिनिटांत ओसरते.

किरणांच्या मात्रेचे म्हणाल, तर छातीच्या एका एक्स-रेची मात्रा सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) किंवा त्याहूनही कमी असते. जमीन, हवा, अन्न आणि अवकाश यांतून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट एवढी नैसर्गिक मात्रा मिळतच असते. छातीच्या सीटी स्कॅनची मात्रा साधारण ५ ते ७ मिलिसिव्हर्ट, म्हणजे एक्स-रेच्या किमान पन्नास ते सत्तर पट भरते. तीही एका वेळेपुरती फार नाही, पण पुढे कर्करोग होण्याची शक्यता ती अगदी किंचित वाढवते, असे मानूनच डॉक्टर चालतात. म्हणून 'स्कॅनमधून काय कळणार आहे आणि त्याने उपचार बदलणार आहेत का' हे विचारायला संकोचू नका. सुधारणा पाहायला बहुधा थुंकीची तपासणी आणि साधा एक्स-रे पुरतो. उगाच दर दोन महिन्यांनी सीटी करून घेण्यात शहाणपण नाही.

तुमच्या पत्रात नसलेली, पण मला अधिक महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे गर्भारपणाची शक्यता. रिफॅम्पिसिनमुळे यकृत गर्भनिरोधक गोळ्यांतली संप्रेरके झपाट्याने मोडते आणि त्या गोळ्यांचा भरवसा राहत नाही. 'मी गोळ्या घेते, म्हणजे दिवस गेलेले नसणार' असे धरून चालू नका. पाळी चुकली असेल तर खोलीत जाण्याआधीच तंत्रज्ञांना सांगा. छातीच्या स्कॅनमध्ये गर्भापर्यंत फारच थोडे किरण पोहोचतात, तरीही तपासणी पुढे ढकलायची की सोनोग्राफीसारख्या किरण नसलेल्या तपासणीवर भागवायचे, हे डॉक्टरांना ठरवता आले पाहिजे. गर्भनिरोधनाचा दुसरा उपायही त्यांना विचारून घ्या.

कॉन्ट्रास्ट मूत्रपिंडातून बाहेर पडतो, म्हणून त्याआधी क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी रक्ताची, तपासणी करून घेतात. पूर्वी मूत्रपिंडाचा त्रास झाला असेल, ॲमिकासिनसारखी इंजेक्शने चालू असतील, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल किंवा आधी कधी कॉन्ट्रास्टने अंगावर गांधी उठल्या असतील, तर ते आवर्जून सांगावे. स्कॅनसाठी काही तास उपाशी राहायला सांगितले, तरी त्या दिवशीच्या क्षयरोगाच्या गोळ्या घोटभर पाण्यासोबत घेता येतात का, एवढे केंद्रात आधी विचारून ठेवा. बहुतेकदा होकारच मिळतो. आणि जुन्या फिल्म व रिपोर्ट सोबत न्यायला विसरू नका, कारण ते हाती नसले की तुलनेसाठी पुन्हा एक्स-रे काढावा लागतो.