फोरेन्सिक नर्सिंगमध्ये पोस्टमॉर्टेम करावं लागतं का?

तुम्ही सोलापुरात बीएस्सी नर्सिंग करताय, पाचव्या सेमिस्टरला फोरेन्सिक नर्सिंग, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या केसमध्ये पेशंटची काळजी घेताना पुरावाही जपणं, हा विषय आलाय आणि घरचे विचारतायत, "आता पोस्टमॉर्टेम पण करायचं का?" त्यांना आजच सांगा, "नाही करायचं." आपल्याकडे शवविच्छेदन डॉक्टरच करतात.

मी इथल्याच एका कॅज्युअल्टीत सिस्टर आहे. माझ्या मते या विषयाचा जीव पोलीस येण्याआधीच्या अर्ध्या तासात आहे. रात्री अक्कलकोट नाहीतर मोहोळकडून चाकू लागलेला पेशंट येतो. आधी जीव वाचवायचा, त्यात तडजोड नाही. पण शर्ट कापताना कात्री चाकूच्या भोकातून न्यायची नाही, शिवणीच्या बाजूने न्यायची. शर्टाला पडलेलं भोक आणि अंगावरची जखम पुढे डॉक्टर जुळवून बघतात. ओला शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला तर बुरशी येते, रक्ताचा पुरावा खराब होतो. सावलीत वाळवून कागदी पिशवीत, सील करून, कोणी कोणाला किती वाजता दिला ते लिहून पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. फवारणीचं औषध प्यायलेल्याचं पोट धुताना निघालेलं पहिलं पाणीही असंच सील आणि नोंद करून जपायचं.

नोंदीबद्दल मी जरा हट्टीच आहे. भाजलेली बाई "सासूने ओतलं" म्हणाली, तर तेच शब्द, वेळेसकट लिहा. "कौटुंबिक वादातून भाजली" हा आपला निष्कर्ष झाला, तो लिहू नका. मृत्युपूर्व जबाबासाठी दंडाधिकाऱ्यांना बोलावतात, पण ते पोहोचेपर्यंत ती बोलू शकेलच असं नाही. मग तुमची नोंद कोर्टात वाचली जाते.

पेशंट दगावला आणि केस एमएलसी (मेडिको-लीगल, म्हणजे पोलीस-कोर्टाशी संबंधित) असेल, तर अंग पुसून स्वच्छ करायची आपली सवय तिथे थांबवायची. घशातली नळी, सलाईनची सुई तशीच ठेवायची, नाहीतर सुईचं छिद्र आधीचं की उपचाराचं, हा वाद उभा राहतो. मग पोलिसांचा इन्क्वेस्ट पंचनामा, म्हणजे मृत्यू कशाने झाला याची प्राथमिक चौकशी; नव्या कायद्यात म्हणजे बीएनएसएसमध्ये (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 194, जुन्या सीआरपीसीत 174. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईने आत्महत्या केली किंवा तिचा संशयास्पद मृत्यू झाला, तर चौकशी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाते, बहुतेकदा तहसीलदार येतात. बाहेर नातेवाईक "बॉडी कधी देणार" म्हणून रडत असतात. त्यांना हा क्रम शांतपणे समजावून सांगणं हे मी फोरेन्सिक नर्सिंगच मानते, पुस्तकात त्याला चार ओळी का असेनात.

आणि हा विषय फक्त मेलेल्यांचा नाही. अमेरिकेत 1995 मध्ये याला नर्सिंगची स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळाली, आणि तिथे या नर्सेस मुख्यतः लैंगिक अत्याचारातून आलेल्या बायका-मुलांसाठी काम करतात. आपल्याकडेही अशा पेशंटवर मोफत उपचार करणं प्रत्येक दवाखान्याला, खासगीलासुद्धा, बंधनकारक आहे. एफआयआर नाही म्हणून तिला परत पाठवता येत नाही. तपासणीआधी तिची संमती घ्या, आणि तपासणीला ती नाही म्हणाली तरी उपचार द्याच.

कॉलेजतर्फे परवानगी काढून वैशंपायन मेडिकल कॉलेजच्या न्यायवैद्यक विभागात एखादं शवविच्छेदन बघता आलं तर जरूर बघा. त्याआधी कॅज्युअल्टीची एक नाइट करा, मग तिथे काय बघायचं ते कळेल.