होस्टिंग अकाउंटचा पासवर्ड दर महिन्याला बदलावा का? लक्षात राहील असा कसा ठेवावा?

नाही बदलायचा. आणि लक्षात राहील असा तर मुळीच ठेवू नका.

कोल्हापूरकडच्या एका संस्थेची वेबसाइट मी सांभाळायचो. सचिवांचा दंडक असा की एक तारखेला सीपॅनेलचा, म्हणजे होस्टिंग सांभाळायच्या पॅनेलचा, पासवर्ड बदललाच पाहिजे. कॅपिटल हवं, आकडा हवा, चिन्ह हवं. मग पासवर्ड काय? संस्थेचं नाव, @, महिना, साल. मार्चचा कळला की एप्रिलचा सांगायला ज्योतिषी लागत नाही. वर तो आवक-जावक रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहिलेला, म्हणजे शिपायापासून सगळ्यांना पाठ. मी म्हटलं, साहेब, एकदाच वीस अक्षरांचा अगम्य करू, पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड बनवून कुलूपबंद ठेवणाऱ्या अ‍ॅपमध्ये, ठेवू, टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डच्या जोडीला मोबाइलवरचा कोड, लावू. "सुरक्षेत आळस चालत नाही," म्हणाले.

पुढे गूगलवर संस्थेचं नाव टाकलं की जपानी भाषेतली बुटांची पानं दिसायला लागली. लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या ये-जा नोंदी, काढले. सीपॅनेलला कुणी हात लावलेला नव्हता. शिरकाव झाला होता नोकरी सोडून गेलेल्या डिझायनरच्या एफटीपी (साइटवर फाइली चढवायच्या) अकाउंटवरून. ते बंद करू का, असं मी मेलवर विचारलं होतं. "असू दे, तो परत येईल" असं उत्तर आलं होतं. त्या अकाउंटचा पासवर्ड पहिल्या दिवसापासून तोच. सचिवांनी काय निष्कर्ष काढावा? आता दर पंधरा दिवसांनी बदलू! आणि बैठकीच्या इतिवृत्तात नोंद: "वेबसाइटचे काम पाहणाऱ्यांना समज देण्यात आली."

हा कॅपिटल-आकडा-चिन्हाचा आणि ठरावीक मुदतीने बदलण्याचा रिवाज पसरला तो मुख्यतः अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या 2003 च्या मार्गदर्शिकेतून. ती लिहिणारे बिल बर या सल्ल्याबद्दल पस्तावल्याचं 2017 मध्ये जाहीरपणे बोलले. त्याच वर्षी निस्टने नियम फिरवला: फुटल्याचा पुरावा नसेल तर बदलायची सक्ती नको, लांबीला महत्त्व द्या. त्याची प्रिंट मी सचिवांना नेऊन दिली. त्यांनी ती फाइलला लावली.

तर तुम्ही बिटवॉर्डन किंवा कीपास असा पासवर्ड मॅनेजर घ्या. सीपॅनेल, डेटाबेस, वर्डप्रेस, डोमेन, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड त्यालाच बनवू द्या. पाठ करायचा फक्त मॅनेजरचा. त्यासाठी एकमेकांशी संबंध नसलेले सहा शब्द चिठ्ठ्या टाकून निवडा. आरतीची ओळ नको, ती सगळ्यांना येते. साधं एफटीपी बंद करून एसएफटीपी (तेच काम, पण सांकेतिक करून) वापरा, एफटीपीत पासवर्ड उघडाच प्रवास करतो. माणूस गेला की त्याचं अकाउंट त्याच दिवशी काढा, तो परत येणार असला तरी.

हो, एक राहिलं. पासवर्ड फुटल्याची शंका आली तर मात्र लगेच बदला, आधी ज्या ईमेलवर रिसेटची लिंक येते त्याचा. त्यापूर्वी आपला कॉम्प्युटर स्कॅन करा, नाहीतर नवाही जाईल. आणि डेटाबेसचा बदलला की वर्डप्रेसच्या डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्येही बदला, नाहीतर साइट बंद पडेल आणि समज तुम्हाला मिळेल.