जुन्या कॅमेरोचा स्टिअरिंग पंप गळतोय, सील किट टाकून भागेल का?

१९६९ च्या शेव्हरले कॅमेरोच्या पॉवर स्टिअरिंगवर सॅगिनॉ कंपनीचा व्हेन पंप (फिरत्या पात्यांनी तेल ढकलणारा) असतो. नुसतं तेल गळत असेल तर सील किटवर (नव्या रबरी सीलांचा संच) भागतं. पण आधी शाफ्टवर सील बसते तिथे नखाने चाचपून बघा. गंजाचे खड्डे लागले तर नवीन सीलही टिकणार नाही.

पुली काढताना हातोडीने ठोकू नका, पुलर (पुली ओढून काढायचं अवजार) भाड्याने आणा. मागचं झाकण अडवून धरणारी रिंग काढायला बॉडीला बारीक भोक आहे, त्यातून पंच घालून ढकला. झाकणामागे स्प्रिंग आहे, तेव्हा तोंड बाजूला ठेवा!

आत दहा पाती निघतील. त्यांची गोलसर कड बाहेर, कॅम रिंगकडे (पाती जिच्या आत फिरतात ती रिंग). इथेच बहुतेकांची चूक होते. कॅम रिंगवरचा बाण मागच्या झाकणाकडे. रिंगच्या आत लाटा किंवा खोल ओरखडे दिसले तर किटवर पैसे घालवू नका, दुसरा पंप घ्या. फ्लो व्हॉल्व्ह (तेलाचा प्रवाह आवरणारी झडप) बोटाने सहज सरकला पाहिजे.

जोडल्यावर पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवा. तेलात फेस असेपर्यंत गाडी चालू करायची घाई नको.