वेळापत्रकातले कोरे चौकोन

प्रश्न : विद्यापीठात प्रवेश घेऊन मला तीन महिने झाले. शाळेत मी कायम पहिल्या पाचांत असे. इथे दिवसाला जेमतेम चार तास व्याख्याने असतात, उरलेला दिवस मोकळा असतो, तरीही मी मागे पडत चालले आहे. प्राध्यापक बोलतील तो शब्द न् शब्द मी उतरवून घेते, पण रात्री वही उघडली की अक्षर आपलेच आहे एवढेच कळते. पहिल्या चाचणीत ४० पैकी १७ गुण मिळाले. वर्गात बाकी सगळ्यांना समजत असावे असे दिसते. घरी फोनवर ‘छान चालले आहे’ असे सांगते आणि फोन ठेवला की रडू येते. मी चुकीच्या ठिकाणी आले आहे का?
— वसतिगृहात राहणारी एक विद्यार्थिनी

उत्तर : ‘उरलेला दिवस मोकळा असतो’ हे तुमचे वाक्य मी दोनदा वाचले, कारण अडचणीचे मूळ मला तिथेच दिसते. शाळेत शिकणे बरेचसे वर्गातच उरकते. शिक्षक तोच धडा पुन्हा सांगतात, वह्या तपासतात, आणि कोण मागे पडले हे त्या मुलाच्या आधी त्यांना कळते. विद्यापीठात व्याख्यानानंतरचे काम तुम्ही केले आहे असे धरूनच पुढचे व्याख्यान सुरू होते, आणि ही अपेक्षा सहसा कोणी बोलून दाखवत नाही. युरोपातील श्रेयांक (क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचे काम मोजण्याचे एकक) पद्धतीत मात्र ती आकड्यांतच मांडलेली आहे. तिथे वर्षाचे ६० श्रेयांक असतात आणि प्रत्येक श्रेयांकामागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम धरतात, म्हणजे वर्षाला १,५०० ते १,८०० तास. तुमचे रोजचे चार तास आठवड्यातून पाच दिवस आणि वर्षातले ३० आठवडे धरले, तरी बेरीज ६०० च होते. बाकीचे तास कोणत्याही वेळापत्रकात छापलेले नसतात. तिथे नुसते कोरे चौकोन असतात, आणि ते पाहून सुट्टी आहे असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

शब्द न् शब्द उतरवून घेणे आधी थांबवा. हात इतका गुंतलेला असताना डोके मोकळे राहत नाही. (पहिल्या वर्षी मीही अशा तीन जाडजूड वह्या भरल्या होत्या आणि त्यांतली एकही परीक्षेच्या कामी आली नाही.) व्याख्यानात मुद्दे, आकृत्या आणि जिथे धागा सुटला तिथे समासात एक प्रश्नचिन्ह, एवढेच लिहा. त्याच दिवशी, शक्यतो व्याख्यानानंतरच्या पहिल्या कोऱ्या चौकोनात, वही मिटून एका कागदावर आठवेल तेवढे लिहून काढा आणि मग वही उघडून राहिलेले वेगळ्या शाईने भरा. सुरुवातीला अर्धे पानही भरणार नाही, आणि त्याने तुम्ही खट्टू व्हाल. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवले, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे निघाले. पुन्हा वाचताना सगळे ओळखीचे वाटते, आणि त्या ओळखीलाच आपण समजणे मानतो.

समासातली प्रश्नचिन्हे घेऊन प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत जा. ‘मला काहीच समजले नाही’ असे म्हटले तर त्यांनाही कुठून सुरुवात करावी ते उमगत नाही. ‘दुसऱ्या पायरीवरून तिसरी कशी आली?’ असे विचारले तर बहुधा पाच मिनिटांत काम होते. चाचणीची उत्तरपत्रिका सोबत न्या आणि गेलेले २३ गुण नेमके कशाने गेले ते विचारा. माहिती नव्हती, की माहिती असून मांडता आली नाही, हे दोन वेगळे आजार आहेत.

बाकीच्यांना सगळे समजते, हा तुमचा अंदाज आहे; त्यांनाही तुमची भरलेली वही दिसत असेलच. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी एका अमेरिकी विद्यापीठातील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गांतील मुलांचे अनुभव वाचायला दिले होते. आपण इथले नाही, असे सुरुवातीला बहुतेकांना वाटते आणि काळाबरोबर ते ओसरते, असा त्यांचा आशय होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तासाभराच्या या उपक्रमानंतर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षे सुधारलेले दिसले. गोऱ्या विद्यार्थ्यांच्या गुणांत तसा फरक पडला नाही, त्यामुळे हा सर्वांना लागू पडणारा उतारा आहे असे मी म्हणणार नाही. तरी वसतिगृहातल्या एखाद्या तिसऱ्या वर्षाच्या ताईला तिच्या पहिल्या चाचणीचे गुण विचारून पाहा.

घरी सगळे सांगायला हवे असे नाही, पण १७ गुणांचे सांगा. लपवलेला आकडा रोज सांभाळावा लागतो. झोप किंवा जेवण दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेले असेल, किंवा रडू आवरेनासे झाले असेल, तर अभ्यासाचे बाजूला ठेवून आधी विद्यापीठाच्या समुपदेशकांना भेटा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. शाळेच्या पद्धतीने काढलेल्या तीन महिन्यांवरून त्याचे उत्तर मिळणार नाही. पुढच्या चाचणीपर्यंत वरीलप्रमाणे काम करून पाहा. त्यानंतरही विषयच नकोसा वाटला, तर तो बदलण्यात कमीपणा नाही. मात्र अशा बदलाला मुदत असते, म्हणून अर्जाची शेवटची तारीख विभागाच्या कार्यालयात याच आठवड्यात विचारून ठेवा.