आईची उतराई आणि वीस वर्षांचा हप्ता

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकड्यांसाठी, दुसऱ्यांदा त्यातल्या मधल्या परिच्छेदासाठी. परीक्षेच्या दिवसांत आई रात्रपाळी करून यायची आणि झोपायच्या ऐवजी तुमच्या शेजारी येऊन बसायची. त्या विषयातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. तुम्ही एकट्या जाग्या राहू नये, एवढ्यासाठी ती बसायची. या परिच्छेदाकडे मी शेवटी परत येणार आहे.

आधी तुमचा प्रश्न इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडते. तुम्ही ३६ वर्षांच्या, आई ६२ची. वडील लवकर गेले. अठरा वर्षांपूर्वी आईने निवृत्तीसाठी साठवलेली सगळी पुंजी मोडली आणि तुमच्या शिक्षणाची फी भरली. आज तुमचं बस्तान बसलंय, हातात बऱ्यापैकी शिल्लक आहे. येत्या मातृदिनाला आईच्या नावावर घेतलेल्या घराची किल्ली तिच्या हातात ठेवायची, तिला आधी काही न सांगता, असं तुमच्या मनात आहे. भावालाही अजून बोललेला नाहीत. शेवटी तुम्ही विचारता: "तेव्हाच्या रकमेवर आठ टक्के व्याज धरलं तर आज ती चौपट होते. निदान तेवढं तरी मी परत करायला हवं ना?"

माझं उत्तर सरळ आहे. आईसाठी पैसे बाजूला काढा, जरूर काढा, पण हे घर घेऊ नका.

चौपटीचं आधी बोलू, कारण तुमच्या मनातलं ओझं तिथे आहे. तुमचा हिशेब बरोबर आहे. ७२ला व्याजदराने भागलं की रक्कम किती वर्षांत दुप्पट होते ते कळतं. हा आडाखा इटलीच्या लुका पाचोलीने १४९४ मध्येच छापून ठेवला होता. आठ टक्क्यांनी नऊ वर्षांत दुप्पट, अठरा वर्षांत चौपट. पण त्याच अठरा वर्षांत महागाईही वाढत असते. ती वर्षाला सहा टक्के धरली तर तेव्हा एका नोटेत येणाऱ्या वस्तूला आज जवळजवळ तीन नोटा लागतात. म्हणजे चौपट झालेल्या रकमेतून आईला तेव्हाच्या सुमारे १.४ पट वस्तू मिळाल्या असत्या. हे मी तुमचं देणं कमी करून दाखवायला सांगत नाही. आईने दिलेल्या पैशांना व्याजदर लावला की उत्तर दरवेळी वेगळं येतं, आणि कुठलंच खरं वाटत नाही. दहा टक्के धरले तर आणखी मोठं होईल. रात्री शेजारी बसण्याला कुठला दर लावणार? मी या कामात इतकी वर्षं आहे, अनेकांच्या कर्जाचे तक्ते मांडले, पण आईच्या नावाचा तक्ता मांडायला बसलेल्या प्रत्येकाला मी थांबवते. ते कर्ज नव्हतं. कर्ज देणाऱ्याला परतफेडीची तारीख माहीत असते. तुमच्या आईच्या डोक्यात तशी तारीख कधी आलीच नाही.

तेव्हा प्रश्न बदलू या. ती पुंजी मोडल्यामुळे आज आईच्या आयुष्यात नेमकी कुठे कमतरता आहे? ती भरायची आहे, आणि ती घराची नाही. आईला राहायला स्वतःचं घर आहे, तुम्हीच लिहिलंय. ते लहान आहे, तिसऱ्या मजल्यावर आहे, पण तिचं आहे.

तुमच्या मिळकतीचे खरे आकडे इथे देत नाही. तुमच्या घराचा महिन्याचा खर्च १०० धरते, बाकी सगळं त्या मापात. तुमची मिळकत १७०, म्हणजे महिन्याला ७० शिल्लक पडतात. साठवलेली रक्कम ३६ महिन्यांच्या खर्चाइतकी. घराची किंमत ९० महिन्यांच्या खर्चाइतकी. त्यातले ३० महिने तुम्ही रोख भरणार, उरलेल्या ६० महिन्यांच्या खर्चाएवढं कर्ज वीस वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी. १००च्या मापात महिन्याचा हप्ता ५४ बसतो. साठच्या कर्जापोटी वीस वर्षांत सुमारे १३० महिन्यांचा खर्च तुम्ही फेडाल, म्हणजे सत्तर निव्वळ व्याज.

आता दरमहा हातात उरतात १६. तुम्ही लिहिता, "सहा महिन्यांचा राखीव निधी तरीही शिल्लक राहतो." राहत नाही. हप्ता सुरू झाला की तुमचा महिना १००चा न राहता १५४चा होतो, आणि तोच निधी चार महिनेसुद्धा पुरत नाही. नोकरी गेली, मुलाचं आजारपण आलं, तर पाचव्या महिन्यात आईच्या नावावरच्या घराचा हप्ता थकेल. ती गोष्ट आईपासून लपणार नाही, आणि तिला जे वाटेल ते तुम्हाला सोसणार नाही.

पण माझी खरी काळजी वेगळीच आहे. तुम्ही एका ओळीत सहज लिहून गेलात की आईची पेन्शन तिच्या खर्चाच्या दोन तृतीयांश आहे आणि बाकी ती "थोडंफार साठलेल्यातून भागवते." पेन्शन वाढत नाही, ठरलेली आहे. सगळ्या पत्रात ही ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटली. आपल्या मापात आईचा खर्च ३९, पेन्शन २६, तूट १३. तेरा ऐकायला किरकोळ वाटतात. सहा टक्के महागाईने खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो: ३९चे ७८. पेन्शन २६ची २६च. तूट ५२. खर्च दुप्पट झाला, पण तूट चौपट झाली! आई तेव्हा ७४ वर्षांची असेल. आणखी बारा वर्षांनी, तिच्या ८६व्या वर्षी, खर्च १५६ आणि तूट १३०. जवळपास प्रत्येक देशात बायका पुरुषांपेक्षा सरासरीने जास्त जगतात, त्यामुळे एकट्या आईचं नियोजन करताना मी नव्वदीच्या पुढेच थांबते. ९२ वर्षांपर्यंतची ही सगळी तूट आज एकरकमी भरून काढायची म्हटली, आणि ती रक्कम कर वजा जाता आठ टक्क्यांनी वाढते असं धरलं, तर सुमारे ६५ ते ७० महिन्यांच्या घरखर्चाएवढे पैसे लागतील. तुमच्या एकूण साठवणीच्या जवळजवळ दुप्पट.

आणि घर घेतल्यावर तुमच्या हातात दरमहा उरतात १६. आजची तूट भागेल, पण दोनच वर्षांत ती सतरा-अठरावर जाईल. आई नव्या घरात राहील आणि दर महिन्याला मनातल्या मनात काटकसरीची नवी जागा शोधत राहील. मिळकत वाढेल हे खरं, पण तुमचा घरखर्चही वाढेल.

म्हणून मी अशी वाटणी सुचवते. ३६ पैकी १० महिने तुमचा स्वतःचा राखीव निधी, कारण आता तुमच्यावर दोन घरं आहेत. ८ महिने आईच्या आजारपणासाठी, तिच्या नावावर, हवे तेव्हा काढता येतील असे. तिच्या खर्चाच्या मापात हे वीस महिने होतात. उरलेले १८ मोठ्या पल्ल्यासाठी गुंतवा आणि नऊ वर्षं हात लावू नका. आठ टक्के मिळाले तर ते ३६ होतील, आणि तूट खऱ्या अर्थाने मोठी होईल त्याच सुमारास ते हाताशी येतील. त्याशिवाय महिन्याच्या ७० शिल्लकीतून १५ आईच्या खात्यात, ठरलेल्या तारखेला, आपोआप. दरवर्षी तिच्या खर्चाची वही बघून आकडा वाढवा. पहिली काही वर्षं तूट पंधरा-अठरा टक्क्यांनी वाढते, तेव्हा ठोकळ पाच टक्के वाढ पुरणार नाही. उरलेल्या पंचावन्नातून तुमची स्वतःची निवृत्ती आणि मुलाचं शिक्षण. त्यात काटछाट करू नका, नाहीतर तुमच्या मुलावर उद्या असंच पत्र लिहायची वेळ येईल.

खातं आईचंच हवं. पहिलं नाव तिचं, दुसरं तुमचं, कार्ड तिच्याच पाकिटात. "लागतील तेव्हा माग" हे वाक्य कितीही प्रेमाने म्हटलं तरी मागावं लागतंच. जिने आयुष्यभर कुणाकडे मागितलं नाही ती आताही मागणार नाही. औषधाची गोळी अर्धी करून घेईल. भेट म्हणून दिलेल्या रकमेचे कराचे नियम जागोजागी वेगळे असतात, तेवढं तुमच्या कर सल्लागाराला एकदा विचारून घ्या.

"मला काही नको गं" या तिच्या उत्तराबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगते. नोकरी लागल्यापासून मी आईला दरमहा पैसे पाठवत होते. ती घ्यायची, कधी नाही म्हणाली नाही. मला वाटायचं, चला, तिला सुख आहे. एकदा तिचे कागद लावून देताना ठेवींच्या पावत्या सापडल्या. नऊ वर्षांचे माझेच पैसे, माझ्याच नावावर. स्वतःसाठी एक पैसा काढला नव्हता, आणि त्याच काळात दुखणारी दाढ तिने दोन वर्षं तशीच ठेवली होती. सल्लागार असून मला हे दिसलं नाही, याचं वाईट अजून वाटतं. तेव्हापासून मी लोकांना सांगते: नुसते पैसे पाठवून थांबू नका. आया ज्या गोष्टी पुढे ढकलतात त्या ठरलेल्या आहेत. दात, कान, डोळे, गुडघे आणि घरकामाला मदतीचा हात. या गोष्टींची वेळ तुम्ही घ्या, सोबत जा, बिल तिथल्या तिथे भरा. तुमच्या आईच्या गुडघ्यांचा उल्लेख पत्रात दोनदा आलाय. हाडांच्या डॉक्टरकडे ती शेवटची कधी गेली होती?

तिसऱ्या मजल्याचा प्रश्न खरा आहे, मी तो टाळत नाही. जिने उद्या तिला झेपणार नाहीत. पण त्याचं उत्तर तिला विचारूनच काढा. सकाळी जिच्याबरोबर ती फिरायला जाते, जिच्याकडे तिची जादा किल्ली असते, ती शेजारीण नव्या घराबरोबर येणार नाही. लिफ्टचं घर तिला हवं असेल तर आधी वर्षभर भाड्याने घेऊन बघा, जुनं घर तसंच ठेवून. तिचं मन रमलं, तर विकत घ्यायचं तेव्हा बोलू, आणि तेव्हा जुनं घर विकून आलेली रक्कमही हिशेबात असेल.

भावाला मात्र आजच सांगा. मालमत्ता आईच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र नसेल तर पुढे ती बहुतेक कायद्यांत वारसांमध्ये वाटली जाते, हप्ता कुणी भरला हे तिथे विचारलं जात नाही. तुम्हाला आज त्याचं काही वाटत नसेल, पण वीस वर्षं लांब असतात. शिवाय तो तिचा मुलगा आहे. पंधरातले पाच देण्याचा आनंद त्यालाही हवा असेल. तुम्ही त्याला विचारलेलंच नाही.

आता तो मधला परिच्छेद. मातृदिनाचा मुहूर्त तुम्ही धरलाय म्हणून सांगते. हा दिवस रुजवणारी अमेरिकेतली ॲना जार्विस हिने १९०८ मध्ये स्वतःच्या आईच्या आठवणीसाठी पहिला कार्यक्रम केला, १९१४ मध्ये तिकडे तो राष्ट्रीय पातळीवर मान्य झाला. पुढे त्याचा बाजार झालेला पाहून तीच त्याविरुद्ध उभी राहिली. छापील शुभेच्छापत्रांवर तिचा विशेष राग होता, कारण तिच्या मते मुलांनी आईला स्वतःच्या हाताने पत्र लिहायला हवं होतं. तुम्ही तसं पत्र लिहिलं आहे, फक्त पत्ता माझा घातलात. रात्रपाळीचा, शेजारी बसण्याचा तो परिच्छेद आईला पाठवा. ती पुंजी मोडल्याचं तुम्हाला अठरा वर्षं ठाऊक आहे, हे तिला माहीत तरी आहे का? माझ्या समोर बसलेल्या कितीतरी आयांना वाटत असतं की मुलांना तेव्हा काही कळलं नाही.

पत्र पोचलं की एखादा दिवस मोकळा काढून तिच्याकडे जा आणि जाताना दोन कागद न्या. एकावर तिचा महिन्याचा खर्च तिच्याच तोंडून लिहून घ्या, घाई न करता, तिने "एवढंच" म्हटलं की "आणखी?" असं विचारा. दुसऱ्या कागदावर तुमचा हिशेब असू दे: तुमचे दहा महिने वेगळे ठेवलेत, मुलाच्या शिक्षणाचे चालू आहेत, तुमच्या म्हातारपणाचेही चालू आहेत. हा दुसरा कागद तिला आधी दाखवा. ती नको म्हणते ते तुम्हाला कमी पडेल या धास्तीने, आणि तुम्हाला कमी पडत नाही हे तिने आकड्यांत पाहिलं की खात्याच्या अर्जावर सही करायला तिचा हात कमी अडखळेल.