दोन महिने आवाज बसलाय, गोळ्यांनी फरक नाही. गळ्याचा सीटी स्कॅन करावा का?

ताई, स्कॅन आधी नको. निपाणीजवळच्या शाळेत शिकवता, एका खोलीत दोन वर्ग, अँटिबायोटिक आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या, असं तुम्ही लिहिलंय. पण या दोन महिन्यांत तुमच्या स्वरपट्ट्या कुणी पाहिल्याच नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. आवाज चार आठवड्यांत सुटला नाही तर दुर्बिणीने स्वरयंत्र बघायलाच हवं. तंबाखू-विडीची सवय, गिळताना त्रास, मानेत गाठ, थुंकीत रक्त किंवा श्वासाला घरघर असेल, नुकतंच थायरॉईडचं ऑपरेशन झालं असेल, तर चार आठवडेही थांबू नये.

कान-नाक-घशाचे डॉक्टर नाकात बधिर करणारा स्प्रे मारून बारीक लवचिक दुर्बीण घालतात. पाच-दहा मिनिटांचं काम. बधिरपणा जाईपर्यंत खाऊ-पिऊ नका, ठसका लागतो. बायकांच्या स्वरपट्ट्या बोलताना सेकंदाला साधारण 200 वेळा थरथरतात, ते साध्या उजेडात दिसत नाही. स्ट्रोबोस्कोपीत लुकलुकत्या प्रकाशामुळे ती हालचाल संथ दिसते आणि पट्टीचा कुठला भाग ताठ झालाय ते कळतं. ही सोय सगळीकडे नसते, फोन करून विचारा. निपाणीहून बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडेल.

जाण्याआधी दोन गोष्टी टिपून ठेवा. आवाज सकाळी जास्त खराब असतो की शाळा सुटताना? सकाळी असेल तर आम्लपित्त वर येत असण्याची शक्यता, संध्याकाळी असेल तर आवाजावरच्या ताणाची. दुसरं, पूर्ण श्वास घेऊन 'आ' लांबवा आणि घड्याळ लावा. तीनदा करून सर्वांत मोठा आकडा धरा. दहा सेकंदांच्या आत तुटत असेल तर पट्ट्या नीट मिटत नसाव्यात, किंवा श्वासच कमी पडत असावा.

शिक्षिकांमध्ये बहुधा दोन्ही पट्ट्यांवर समोरासमोर घट्ट्यासारख्या गाठी सापडतात. त्यांना आधी ऑपरेशन नाही, व्हॉइस थेरपी, म्हणजे आवाज नीट वापरण्याचा सराव. ओरडण्याची पद्धत तीच राहिली तर काढलेली गाठ परत येते. एकाच बाजूचा पॉलिप, म्हणजे मऊ फुगवटा, असेल तर मात्र बऱ्याचदा काढावा लागतो. एक पट्टी हलतच नसेल, तेव्हा मानेपासून छातीपर्यंतचा स्कॅन लागतो, कारण डावी पट्टी हलवणारी नस छातीत उतरून परत वर येते. संध्याकाळचा ताप, खोकला, वजन घटणं असेल तर थुंकीची टीबी तपासणी करा.

तोवर कुजबुजून बोलू नका, त्यानेही ताण येतो. खाकरण्याऐवजी घोटभर पाणी प्या. थेरपिस्ट शक्यतो मराठी बोलणारा बघा, सराव वर्गातल्याच वाक्यांवर करायचा असतो. आणि दुर्बिणीचा व्हिडिओ मागून घ्या, त्याला तो लागेल.